वेळासला राहायला जाताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जानेवारी सरत आला की ओळखीच्यांचे फोन सुरू होतात. "कासवं बघायला जायचंय, समुद्रावरचं एखादं शांत लॉज सांग ना." मी वेळासची नाही, पुण्यात राहते. पण बरीच वर्षं हंगामात एकदा तरी तिथे जाते, आणि आता दर वेळी तीच उत्तरं फोनवर देण्यापेक्षा एकदाच नीट लिहून ठेवावीत असं ठरवलं. यातलं बरंचसं मला गावातल्या लोकांनीच शिकवलेलं आहे.

वेळास नेमकं कुठे आहे?

रत्नागिरी जिल्ह्याच्या अगदी उत्तर टोकाला, मंडणगड तालुक्यात. सावित्री नदी बाणकोटच्या खाडीतून समुद्राला मिळते. खाडीच्या पलीकडे रायगड जिल्हा आणि हरिहरेश्वर, अलीकडे बाणकोट, आणि बाणकोटवरून किनाऱ्याने थोडं दक्षिणेला गेलं की वेळास. नाना फडणवीसांच्या भानू घराण्याचं हे मूळ गाव. पूर्वी वेळासची ओळख तेवढीच होती. आज महाराष्ट्रात कुणालाही विचारा, 'कासवांचं गाव' असंच उत्तर मिळेल.

ही कासवांची गोष्ट सुरू कशी झाली?

चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेची माणसं समुद्री गरुडांचा अभ्यास करत किनाऱ्याने फिरत होती. त्यांना वेळासच्या पुळणीवर ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवांची उकरलेली घरटी दिसली. अंडी काढून नेऊन खाणं किंवा विकणं तेव्हा किनाऱ्यावरच्या अनेक गावांत चालायचं. त्यात आपण काही वाईट करतोय असं कुणाला वाटतही नव्हतं. भाऊ काटदरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये वेळासला संरक्षणाचं काम हाती घेतलं. घरट्यांचा माग काढणं ज्यांना उत्तम जमत होतं त्या गावकऱ्यांनाच त्यांनी राखणीच्या कामात घेतलं. पुढे २००६ पासून कासव महोत्सव सुरू झाला. पाहुणे येऊ लागले आणि ते गावातल्या घरांत राहू-जेवू लागले. कासव जगलं तर घरात चार पैसे येतात, हे गावाला दिसलं. नंतर वन विभाग आणि खारफुटीचं जंगल सांभाळणारा त्यांचा कांदळवन कक्षही या कामात उतरले आणि हे काम कोकण किनाऱ्यावर खाली सिंधुदुर्गापर्यंत पसरलं. अंजर्ले, कोळथरे, गुहागर, वायंगणी ही त्यातली काही नावं.

समुद्राला लागून असलेलं लॉज किंवा रिसॉर्ट कोणतं चांगलं?

कासवांच्या किनाऱ्यावर तसं काही शोधू नका. खिडकी उघडली की समुद्र दिसेल अशी खोली हवी असेल तर कोकणात इतर ठिकाणी भरपूर आहेत. वेळासला वस्ती आत आहे. गाव आणि समुद्र यांच्यामध्ये सुरूचं बन आहे आणि घरापासून पाण्यापर्यंत पंधरा-वीस मिनिटं चालावं लागतं.

अनेकांचा इथे हिरमोड होतो, म्हणून कारण सविस्तर सांगते. मादी रात्री अंधारात किनाऱ्यावर चढते. समोर दिवे दिसले, माणसांची हालचाल जाणवली की ती अंडी न घालताच मागे वळते. पिल्लांचं तर आणखी नाजूक. वाळूतून वर आलेलं पिल्लू उजेडाच्या दिशेने चालू लागतं. मोकळ्या किनाऱ्यावर रात्री सगळ्यांत उजळ दिसतं ते समुद्रावरचं आभाळ, म्हणून ते बरोबर पाण्याकडे जातं. पण पाठीमागे एखाद्या हॉटेलच्या गच्चीवर दिवे लागलेले असले तर पिल्लू पाण्याकडे पाठ फिरवून त्या दिव्यांकडे निघतं. सकाळपर्यंत ते कावळ्याच्या चोचीत तरी गेलेलं असतं, नाही तर उन्हाने वाळलेलं.

तुमच्या खोलीतून समुद्र दिसत नाही, तसा समुद्रावरून तुमचा दिवाही दिसत नाही. वेळासचा किनारा आजही कासवांना चालतो याचं मोठं कारण हेच आहे. एखादा ओळखीचा माणूस 'सी-फेसिंग प्लॉट' घेण्याची भाषा करू लागला तर त्यालाही हे जरूर सांगा.

मग राहायचं कुठे?

गावातल्या घरांमध्ये. जांभ्याच्या भिंती, कौलारू छप्पर, पुढे ओटी किंवा पडवी, मागे नारळी-पोफळीचं आगर, अशी बरीचशी घरं आहेत. काहींनी पाहुण्यांसाठी वेगळ्या खोल्या आणि संडास-बाथरूम बांधून घेतलेत, काहींकडे एका मोठ्या खोलीत दहा गाद्या घालून सगळे एकत्र झोपतात. एसी सगळीकडे मिळेल असं समजू नका. पंखा असतो, मच्छरदाणी मागितली तर मिळते, आंघोळीला गरम पाणी बहुतेक ठिकाणी चुलीवर किंवा बंबात तापवलेलं.

हे हॉटेल नाही, एवढं डोक्यात असलं की सगळं सोपं होतं. बेल वाजवून कुणी येत नाही. पाणी हवं असेल तर स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन "काकू, पाणी देता का?" असं विचारायचं. देवघर आणि स्वयंपाकघरात शिरण्याआधी विचारायचं. जेवण झालं की काही घरांत ताट उचलून मोरीत ठेवायची पद्धत असते. आपण ठेवलेलं त्यांना आवडतं.

बुकिंग किती आधी करावं? पैसे किती लागतात?

शनिवार-रविवार किंवा होळीची जोडून सुट्टी असेल तर महिनाभर आधी. मधल्या वारी गेलात तर आठवडाही पुरतो आणि गर्दीही निम्मी असते. जमत असेल तर मंगळवार-बुधवारच धरा. दर माणशी असतो आणि त्यात बहुधा दोन वेळचं जेवण, चहा-नाश्ता धरलेला असतो. तरी काय धरलंय आणि काय नाही ते फोनवर विचारून घ्या. दर घरागणिक आणि वर्षागणिक बदलतो, म्हणून मी आकडा देत नाही.

घासाघीस मात्र करू नका. दोन-तीन महिन्यांचा हंगाम असतो, आणि त्यातल्या सुट्टीच्या दिवसांतच सगळी घरं भरतात. आयत्या वेळी बेत रद्द झाला तर निदान कळवा. दहा माणसांसाठी भिजवलेले वाल आणि खवलेला नारळ त्या घरात पडून राहतो.

कोणत्या महिन्यात जावं?

माद्या साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत अंडी घालतात. अंड्यांतून पिल्लं बाहेर यायला ४५ ते ६० दिवस लागतात. म्हणून पिल्लं बघायची असतील तर फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंतचा काळ धरावा. हंगाम दर वर्षी थोडा पुढे-मागे होतो. थंडी लांबली तर अंडी उबायलाही जास्त दिवस लागतात. कुठलं घरटं कधी घातलं गेलं याची नोंद कासवमित्रांकडे, म्हणजे घरट्यांची राखण करणाऱ्या गावकऱ्यांकडे असते. त्यामुळे निघण्याच्या तीन-चार दिवस आधी यजमानांना फोन करून "घरटी फुटायला आलीत का?" एवढं विचारलंत तर सगळ्यांत खरी माहिती मिळते.

मला स्वतःला मार्चचे पहिले दोन आठवडे आवडतात. पहाटे अजून गारवा असतो आणि परसातल्या आंब्याला कैऱ्या लागलेल्या असतात. एप्रिलमध्ये दुपारी घामाच्या धारा लागतात, त्याची तयारी ठेवा.

पिल्लं नक्की दिसतील ना?

नक्की असं कुणीही सांगू शकत नाही, आणि कुणी सांगितलंच तर विश्वास ठेवू नका. पिल्लं सकाळी सातच्या आसपास आणि संध्याकाळी सहाच्या आसपास सोडतात, पण त्या वेळी घरट्यावर पालथ्या घातलेल्या टोपलीखाली पिल्लं आलेली असली तरच.

माझ्या पहिल्या खेपेला आम्ही शनिवारी संध्याकाळी गेलो, काही नाही. रविवारी सकाळी गेलो, काही नाही. बरोबरचे बहुतेक लोक नाश्ता करून निघून गेले. मी आणि माझी बहीण सोमवारची रजा टाकून थांबलो. त्या सकाळी टोपली उचलली तर खाली एकच पिल्लू. काळपट करड्या रंगाचं, जेमतेम दीड इंचाचं. ते वाळूवर ठेवलं तेव्हा किनाऱ्यावर आम्ही सात-आठ जण होतो आणि कुणी बोलत नव्हतं. दोनदा लाटेने ते उलटं-पालटं करून मागे आणून टाकलं, दोन्ही वेळा ते परत वळून पाण्याकडेच निघालं. तिसऱ्या लाटेबरोबर गेलं. पुढे एकेका सकाळी साठ-सत्तर पिल्लं जातानाही पाहिली आहेत, पण आठवतं ते हेच.

म्हणून माझा आग्रह असतो की दोन रात्री तरी राहा. म्हणजे तीन-चार वेळा किनाऱ्यावर जायला मिळतं. एका मुक्कामात धावतपळत जाणाऱ्यांपैकीच अनेकांची निराशा झालेली मी पाहिली आहे.

अंडी घालणारी मोठी मादी बघायला मिळेल का?

बहुधा नाही. ओडिशात गहिरमाथा किंवा ऋषिकुल्येच्या मुखाशी हजारो माद्या एकाच वेळी किनाऱ्यावर येतात, ती चित्रं आपण पाहिलेली असतात. कोकणात तसं होत नाही. इथे एखादी मादी एकटी येते, रात्री कुठल्याही प्रहरी, तासाभरात अंडी घालून, वाळू लोटून, खड्डा बुजवून निघून जाते. सकाळी राहतो तो फक्त वाळूवरचा माग. ट्रॅक्टरचं छोटं चाक वर चढून परत उतरल्यासारखा.

त्यासाठी रात्रभर किनाऱ्यावर बसून राहू नका. तुमच्या तिथे बसण्यामुळेच ती न येण्याची शक्यता वाढते. योगायोगाने कधी दिसलीच तर आहात तिथेच थांबा, दिवा लावू नका, तिच्या समोर जाऊ नका, आणि ती गेल्यावर कासवमित्रांना कळवा.

अंडी तिथून उचलून हॅचरीत का नेतात? ही निसर्गात ढवळाढवळ नाही का?

हा प्रश्न मी स्वतः पहिल्या वर्षी जरा तावातावाने विचारला होता. ज्या काकांना विचारला ते मला न बोलता किनाऱ्याच्या दुसऱ्या टोकाला घेऊन गेले आणि एक उकरलेला खड्डा दाखवला. भोवती कोल्ह्याची पावलं आणि कागदासारखी सुरकुतलेली टरफलं. रात्रीच्या गस्तीत ते घरटं नजरेतून सुटलं होतं.

कोल्हे, भटकी कुत्री, रानडुकरं, वाळूतले खेकडे, पहाटेचे कावळे-घारी, शिवाय माणूस. माणसाची वस्ती नसती तर एवढी कुत्रीही नसती, तेव्हा ढवळाढवळ आपण आधीच केलेली आहे. भरतीच्या रेषेच्या फार खाली घातलेलं घरटं उधाणात बुडूनही जातं. म्हणून कासवमित्र रात्री-पहाटे किनारा पायी पालथा घालतात. माग दिसला की काठीने वाळू चाचपून घरट्याची जागा काढतात. अंडी एकेक करून, न हलवता-फिरवता उचलावी लागतात, तीही घातल्यापासून काही तासांच्या आत. कारण नंतर आतला गर्भ कवचाला वरच्या बाजूने चिकटतो आणि अंडं उलटं झालं तर तो मरतो. एका घरट्यात सरासरी शंभरेक अंडी, टेबल टेनिसच्या चेंडूएवढी, पांढरी, कवच मऊसर. हॅचरी म्हणजे किनाऱ्यावरच जाळीने बंदिस्त केलेली जागा. तिथे मादीने केला होता तसाच, तेवढाच खोल, सुरईच्या आकाराचा खड्डा हाताने करतात आणि अंडी त्यात ठेवतात. वर तारीख आणि अंड्यांची संख्या लिहिलेली पाटी. दिवस भरत आले की वर टोपली पालथी घालतात, म्हणजे वर आलेली पिल्लं भटकत नाहीत.

खोलीचा एवढा काटेकोरपणा उगाच नाही. पिल्लू नर होणार की मादी हे वाळूच्या उष्णतेवर ठरतं. वाळू थंड असली तर नर जास्त, तापलेली असली तर माद्या जास्त. खड्डा उथळ झाला तर हिशेब बिघडतो. वर्षागणिक तापमान वाढत चाललंय, त्यामुळे ही काळजी आता जास्तच जाणवते.

पिल्लू हातात घेता येईल? मुलांच्या हातून पाण्यात सोडता येईल?

नाही. कृपा करून आग्रहही करू नका. ऑलिव्ह रिडले हे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतलं कासव आहे, वाघाच्या बरोबरीचं संरक्षण त्याला आहे. हाताळायची परवानगी कासवमित्रांना आणि वन विभागाच्या माणसांना.

थेट पाण्यात का सोडत नाहीत, असंही मुलं विचारतात. पिल्लू वाळूवर स्वतःच्या पायांनी चालत जातं त्या प्रवासात तो किनारा त्याच्या आत कुठेतरी नोंदला जातो असं अभ्यासक मानतात. मोठी झालेली मादी अंडी घालायला जन्माच्या किनाऱ्याकडे परतते, ती त्या नोंदीवर. म्हणून पिल्लांना पाण्यापासून काही अंतरावर वाळूत ठेवतात आणि पुढचं त्यांच्यावर सोडतात.

फोटो काढलेले चालतात का?

चालतात, किनाऱ्यावर बांधलेल्या दोरीच्या मागे राहून आणि फ्लॅश बंद ठेवून. मोबाईलचा फ्लॅश आपोआप पेटतो तो आधीच बंद करून ठेवा, संध्याकाळी अंधुक उजेडात नेमका तेव्हाच पेटतो. दोरी आहे तिथेच बसा. मागच्यांना दिसावं म्हणून पुढच्यांनी उकिडवं बसायचं असतं. आणि पिल्लं गेल्यावर लगेच पुढे धावू नका. एखादं मागे राहिलेलं असतं, वाळूच्याच रंगाचं, पायाखाली कधी येईल कळत नाही.

रात्री समुद्रावर फिरायला जाता येईल? शेकोटी?

हंगामात रात्री नको. गावाच्या रस्त्यावर फिरा, अंगणात बाज टाकून आभाळ बघा, तारे इतके दिसतात की शहरातल्या मुलांना ते खरे वाटत नाहीत. शेकोटी, गाणी लावलेला स्पीकर, दारूच्या बाटल्या, यातलं काहीही किनाऱ्यावर नेऊ नका. किनाऱ्यावर गाडी घालणं तर अजिबात नाही, चाकाखाली वाळूतलं घरटं दबलेलं वरून कळतही नाही.

कासवमित्रांबरोबर पहाटे जायची परवानगी मिळालीच तर पांढऱ्या बॅटरीवर लाल जिलेटिन कागद लावा. लाल उजेड कासवांना कमी जाणवतो.

कसं पोहोचायचं?

पुण्याहून मला आवडणारा रस्ता: ताम्हिणी, माणगाव, म्हसळा, तिथून हरिहरेश्वरजवळचं बागमांडला. बागमांडल्याला गाडी फेरीबोटीत चढवायची, खाडी ओलांडून वेश्वीला उतरायचं आणि बाणकोटवरून वेळास. सुमारे २०० किलोमीटर, पण घाट आणि वळणं धरून सहा तास तरी धरा. शेवटची फेरीबोट किती वाजता, हे यजमानांना विचारूनच निघा. मुंबईहून महामार्गाने माणगावपर्यंत आलात की पुढे हाच रस्ता.

फेरीबोट नको असेल तर मंडणगडवरून रस्ता आहे. एसटीने येणाऱ्यांनी मंडणगड गाठायचं आणि तिथून वेळासची गाडी धरायची. गाड्या मोजक्या आहेत, वेळा आधी विचारा. कोकण रेल्वेने आलात तर माणगावला उतरणं सोयीचं.

पेट्रोल आणि रोख पैसे वाटेत माणगाव किंवा मंडणगडलाच घ्या.

मोबाईलला रेंज असते का? वीज?

रेंज येते-जाते, कंपनीवर आणि तुम्ही ओटीच्या कुठल्या कोपऱ्यात उभे आहात त्यावर. ऑफिसचं काम घेऊन जाणार असाल तर बेतच बदला. लाईट अधूनमधून जाते, चार्जिंगची सोय सोबत ठेवा.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्याला धडकलं तेव्हा या सगळ्या पट्ट्यात कौलं उडाली, आंबा-नारळ-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. पोफळ लावल्यापासून हाती सुपारी यायला पाच-सात वर्षं जातात. एखाद्या आगरात मधेच मोकळी जागा आणि गुडघ्याएवढी रोपं दिसली तर ती त्या वादळाची खूण समजा. त्या दोन-चार वर्षांत पाहुण्यांच्या पैशाने कितीतरी घरांना हात दिला.

जेवण कसं असतं? मासे मिळतात?

बऱ्याच घरांत शाकाहारीच असतं, मासे हवे असतील तर बुकिंग करतानाच विचारा. काही घरांत करून देतात, काहींत चालत नाहीत.

पण माझं ऐकाल तर निदान एक वेळ घरात जे शिजतं तेच खा. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, कुळथाचं पिठलं, फणसाची भाजी, वर सोलकढी. सकाळी घावन किंवा आंबोळी आणि नारळाची चटणी. आगाऊ सांगितलं तर उकडीचे मोदक. मार्चमध्ये ओल्या काजूगरांची उसळ मिळाली तर सोडू नका. ओल्या काजूचा चीक हाताला लागला की कातडी सोलवटते, आणि ते गर काढत बसायला घरच्या बायकांचे तासन् तास जातात. ताटात पडलेलं टाकू नका.

समुद्रात पोहता येईल का?

गुडघाभर पाण्यात पाय बुडवा, त्यापुढे जाऊ नका. जीवरक्षक नाहीत, खाडीचं मुख जवळ आहे आणि ओहोटीची ओढ वरून दिसत नाही. हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणेच्या वाटेवरही भरतीची वेळ विचारल्याशिवाय उतरू नका. तिथल्या खडकांवर लाटेने माणसं ओढून नेल्याच्या घटना घडलेल्या आहेत.

आजी-आजोबा आणि लहान मुलांना झेपेल का?

मुलांना नक्की न्या. फक्त पहाटे साडेपाचला उठावं लागेल आणि कदाचित काहीच दिसणार नाही, हे त्यांना आधी सांगून ठेवा. ज्येष्ठांसाठी किनाऱ्यापर्यंतची वाट आणि मऊ वाळूतलं चालणं हाच काय तो त्रास. काठी आणि मागे पट्टा असलेल्या चपला घ्या. गुडघ्यांचा त्रास असेल तर खोली तळमजल्यावर आणि संडास कमोडचा आहे का, हे आधी विचारा.

आमचा कुत्रा आणला तर?

हंगामात नको. तुमचा कुत्रा कितीही शहाणा असला तरी वाळूत अंड्यांचा वास लागला की तो उकरणारच.

दिवसभर तिथे करायचं काय?

फारसं काही नाही, आणि मला तेच आवडतं. बाणकोटचा हिम्मतगड जवळ आहे, वरून सावित्रीचं मुख आणि पलीकडचं हरिहरेश्वर एका नजरेत येतं. इंग्रजांच्या ताब्यात असताना याचंच नाव फोर्ट व्हिक्टोरिया होतं. गावातलं महालक्ष्मी-रामेश्वराचं देऊळ दुपारी बसायला गार. दक्षिणेला केळशी आहे, तिथलं महालक्ष्मीचं देऊळ आणि वाळूची टेकडी बघण्यासारखी. दुर्बीण असेल तर समुद्री गरुडासाठी उंच झाडांचे शेंडे बघत चला. पांढरं पोट, राखाडी पाठ, पंख पसरले की ओळखू येतो. या कामाची सुरुवात त्याच्यामुळेच झाली.

पावसाळ्यात जाता येईल का?

काही घरं विचारलं तर ठेवून घेतात. तेव्हा कासवं नसतात. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, समुद्र खवळलेला असतो आणि किनारा जवळजवळ आपल्या एकट्याचा. रस्ते विचारून जा.

किनाऱ्यावर जखमी किंवा जाळ्यात अडकलेलं कासव दिसलं तर?

लगेच पाण्यात ढकलू नका. थकलेलं कासव बुडतं, त्याला श्वासासाठी वर यावं लागतं आणि तेवढी ताकद त्याच्यात नसते. ओलं फडकं पाठीवर टाकून सावली करा, डोळे-नाक मोकळे ठेवा, भोवतीची माणसं आणि कुत्री लांब ठेवा आणि गावात किंवा वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. जाळ्यातून असे जीव जिवंत सोडणाऱ्या मच्छिमारांना जाळ्याच्या नुकसानीपोटी २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई द्यायची योजना राज्यात २०१८ पासून आहे. ओळखीत कुणी मच्छिमार असेल तर त्यांना सांगा, अजून सगळ्यांपर्यंत ते पोहोचलेलं नाही.

इथून गेलेली पिल्लं पुढे कुठे जातात? परत येतात का?

हा प्रश्न मुलं हमखास विचारतात, आणि बराच काळ गावातही कुणाकडे त्याचं उत्तर नव्हतं. जानेवारी २०२२ मध्ये वेळासला अंडी घालायला आलेल्या एका मादीच्या पाठीवर उपग्रहाशी जोडलेलं यंत्र बसवून तिला समुद्रात सोडलं. पश्चिम किनाऱ्यावर असं पहिल्यांदाच होत होतं, म्हणून तिचं नाव प्रथमा. त्याच हंगामात सावनी, रेवा, लक्ष्मी आणि वनश्री या आणखी चार माद्यांना यंत्रं बसवली. पुढच्या वर्षी गुहागरहून निघालेली बागेश्री श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात पोहोचली. आणि २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर पायाला धातूची पट्टी लावलेली एक मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालताना सापडली. पूर्वेची कासवं वेगळी आणि पश्चिमेची वेगळी असं आपण धरून चाललो होतो, तिने दोन्ही किनारे एक करून दाखवले.

पिल्लांना मात्र काही बांधता येत नाही, ती फार लहान असतात. हजारातलं एखादं मोठं होतं असं म्हणतात. नर एकदा पाण्यात गेला की पुन्हा जमिनीवर येत नाही. मादी वयात यायला दहा-पंधरा वर्षं लागतात. म्हणजे २००२-०३ च्या पहिल्या हंगामात वेळासहून गेलेल्या पिल्लांपैकी ज्या माद्या वाचल्या असतील, त्या आता इथे अंडी घालायला येत असतील. पहाटे वाळूवर नवा माग दिसला की ज्या काकांनी मला तो खड्डा दाखवला होता, ते आधी खाली बसून मागाची रुंदी वितीने मोजतात, वहीत लिहितात, आणि मग घरटं शोधायला लागतात.